चार पानांचा पोरगा

"शेवटी शेरीफ रडतो. म्हणजे तो बदललाच ना, मिस व्हर्नेल?" जॅनेलने निबंधाचा कागद पुढे सरकवला.

मिसिसिपीतल्या त्या गावात मिस व्हर्नेलनी उभा जन्म शाळेत शिकवण्यात घालवला होता. आता निवृत्तीनंतर शेजारची जॅनेल तेवढी शिकायला यायची. वंशद्वेष आणि व्यक्तिरेखांचा विकास, असा निबंधाचा विषय होता. तो जमला नाही तर पोरीचं कॉलेज हुकणार होतं. त्यासाठी नेमलेल्या कादंबरीत गोऱ्यांचा जमाव एका काळ्या पोराला मारायला कोठडीतून ओढून नेतो. किल्ली शेरीफच देतो, लोकांनी निवडून दिलेला तिथला पोलीसप्रमुख.

"रडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय करतो तो?"

"पुस्तक तिथंच संपतं की."

"म्हणून सुटला."

मिस व्हर्नेलच्या डोळ्यांपुढे दुसराच शेरीफ उभा होता. दफनाला येऊन, हॅट छातीशी धरून तोही रडला होता. माणूस बदलला, असं गाव म्हणालं. पुढच्या निवडणुकीत पुन्हा तोच निवडून आला. अजूनही ओसरीवर पाऊल वाजल्यासारखं झालं की मिस व्हर्नेल मान वळवत. कुणी नसे.

"आणि त्या पोराचं काय लिहिलंस?"

"त्याचं काय लिहू? चार पानांत मरतो बिचारा. त्याचा विकास बिकास काही नाहीच."

मिस व्हर्नेलनी चष्मा काढून ठेवला. जॅनेल चपापली.

"माझ्या भावाला असंच नेलं होतं," त्या म्हणाल्या. "कॉर्डेल त्याचं नाव."

"आमची आजी कधी बोलली नाही."

"कुणीच बोलत नसे. नाव निघालं की आई भरल्या ताटावरून उठायची."

"कसा होता हो तो?"

हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वर्तमानपत्रवाले यायचे, ते कसा मेला एवढंच विचारायचे.

"तापट. ऊठसूट हात उगारायचा. त्या उन्हाळ्यात मात्र निवळला होता. एका मुलीपायी चर्चमध्ये मागच्या बाकावरून पुढं येऊन बसायला लागला. मला म्हणाला, व्हर्नी, तिला पत्र लिहायचंय, नीट लिहायला शिकव. एक अक्षर कायम उलटं काढायचा. ते सुधारत आलं होतं."

जॅनेलने कोरा कागद घेतला. "पोरापासूनच सुरू करू?"

पंख्याच्या वाऱ्यावर कागद फडफडत होता. मिस व्हर्नेलनी त्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं.