चांगल्या पायाची उडी

पुनमनं पायातल्या चपला काढून आधी पलीकडे भिरकावल्या, ओढणी कमरेला खोचली आणि गावच्या जुन्या मामा तलावातून शेतात येणारा पाट एका उडीत पार केला. उजव्या पायानं उडाली आणि उजव्याच पायावर उतरली. ऑपरेशन झालेला डावा पाय तिनं कोंबडीसारखा पोटाशी ओढून धरला होता.

"या ना ताई," ती पलीकडून हसत म्हणाली. "खोल नाई हाये. नाईतर खालतून या, तिथी लाकूड टाकलं हाये."

नंदिनी अलीकडे धुऱ्याच्या बांधावर उभीच राहिली. खरं तर आज ती पाहुणी म्हणून आली होती, आणि सकाळपासून खुशीत होती. गडचिरोलीत ती फिजिओथेरपिस्ट होती. गुडघ्यातली दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटून ऑपरेशन झालेल्या कबड्डीच्या पोरी पुन्हा मैदानात कधी उतरू शकतात, यावर तिचा अभ्यास चालला होता. उद्या नागपूरला राज्याच्या संघाची निवड होती. खेळायला हरकत नाही, असं नंदिनीच्या सहीचं पत्र दाखवल्याशिवाय पुनमला कोणी मैदानात उभं करणार नव्हतं. ते पत्र पर्समध्ये होतं. त्याच आनंदात पुनमच्या आईनं तिला चामोर्शीजवळच्या या गावी जेवायला बोलावलं होतं.

आणि आता तिची नजर त्या पाटावरून हलेना.

पत्र ज्या परीक्षेवर मिळायचं, ती दर काही महिन्यांनी व्हायची आणि सोपी होती. एका पायावर उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं. आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा. दोन्ही उड्या जवळपास सारख्या पडल्या की गुडघ्यात जोर आला असं समजायचं. पुनमच्या दोन्ही उड्या जुळ्या बहिणींसारख्या पडल्या होत्या, तेव्हा नंदिनीनं तिला मिठीच मारली होती. पण परीक्षेच्या हॉलमध्ये पुनम उजव्या पायानं जेवढी उडाली, त्याच्या दुप्पट तरी हा पाट रुंद होता.

नंदिनीनं सलवार वर खोचली आणि पाण्यात उतरली. पलीकडच्या चिखलात पुनमच्या पायाचा ठसा उमटला होता. तिनं पर्समधून टेप काढला, एक टोक पुनमच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन परत पाण्यातून मागे गेली.

"ताई, इथी कायले मोजता?"

"हॉलमंधी इतकी उडी काऊन नाई मारली तू?"

पुनम ओशाळली नाही, घाबरलीही नाही. प्रश्नच कळला नसावा तशी बघत राहिली.

"तिथी कशी मारू? सरांनं सांगतलं हाये ना, चांगल्या पायाचा जोर राखून ठेवाचा. दोन्ही पाय बराबर दिसले पाह्यजे."

"कोन्या सरांनं?"

"प्रफुलसरांनं. दुसरं कोन सांगन?"

प्रफुल पोरींचा कोच होता, आणि नंदिनीचा सख्खा धाकटा भाऊ. तिला तो दिवस लख्ख आठवला. तो जेवायला आला होता आणि कधी नव्हे ते म्हणाला होता, ताई, तुहं ते उडीचं काम समजावून सांग बरं. एवढ्या वर्षांत घरातल्या कोणी तिच्या कामाबद्दल असं विचारलं नव्हतं. तिनं दोन चमचे शेजारी ठेवून त्याला सगळं समजावलं, हा चांगला पाय, हा दुखरा पाय. त्यानं मन लावून ऐकलं. भावाला आपलं कौतुक आहे, या विचारानं ती त्या रात्री किती सुखात झोपली होती! आणि त्यानं तिच्याच चमच्यांनी तिच्या डोळ्यांत धूळ फेकली होती.

"उर्वशीले बी असंच सांगतलं होतं?"

"साऱ्याइलेच," पुनम टेप गुंडाळत म्हणाली. "चला ना ताई, माय वाट पाहून राह्यली."

उर्वशी प्रफुलच्याच संघातली, त्याच ऑपरेशनची पोर. उर्वशीला तिनंच पास केलं होतं. घुग्घुसच्या स्पर्धेत पहिल्याच चढाईत तिचा तोच गुडघा पुन्हा गेला. आता ती जिना चढताना कठडा धरते. तेव्हा दवाखान्यात प्रफुल नंदिनीच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. नशीब असते ताई एकेकीचं, असं म्हणाला होता.

अंगणात प्रफुलची मोटरसायकल उभी होती. पुनमला नागपूरला नेण्यासाठी तो आला होता. पुनमची आई, मनकर्णा, पदराला हात पुसत बाहेर आली.

"जय भीम, बाई. लय बरं वाटलं तुमी आल्या तं."

"जय भीम," नंदिनी म्हणाली.

हात धुवायला दोघं भावंडं न्हाणीजवळ गेली, तेव्हा तिनं त्याला गाठलं.

"उर्वशीच्या वक्ती बी तूच सांगतलं होतं?"

प्रफुलनं तांब्या खाली ठेवला. "हळू बोल, ताई."

"माह्याजवळ उभा होता तू. नशीब म्हनत होता."

"मंग का म्हनू? तुह्या टेपाच्या भरवशावर बसल्या तं पोरींचं वय निंगून जाते. राज्याकडून खेळल्या तं नोकरी लागते, नाई तं धानाच्या रोवन्याले जातेत. अन् तुहं का वाईट झालं? साऱ्या पोरी पास. मोठ्या डॉक्टरनं तुही पाठ थोपटली का नाई?"

थोपटली होती. नागपुरात शंभर डॉक्टरांसमोर तिनं ते आकडे मांडले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं, आणि कापणाऱ्याच्या चेहऱ्यावर तर उपकार केल्याचा भाव होता.

"चाल, जेवून घे," तो म्हणाला. "बाईनं मनापासून केलं हाये. इथी तमाशा नको करू."

बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली ताटं मांडली होती. कोंबडीचा रस्सा, लाखोळीची डाळ, आणि वाफाळता भात. मनकर्णानं भात वाढला आणि त्याच्या वासानं खोली भरून गेली. ती नंदिनीच्या समोर बसली, पहिल्या घासाची वाट पाहत.

"वळखला का नाई, बाई? आपला चिन्नोर तांदूळ हाये."

नंदिनीनं घास घेतला. वास ओळखीचा होता. "छान आहे," ती म्हणाली.

"तुमच्याइथी पाठवला तोच. पुनमच्या पह्यल्या परीक्षेच्या वक्ती सरांच्या हातानं दोन थैल्या पाठवल्या होत्या. उर्वशीच्या मायनं बी पाठवला होता म्हने." मनकर्णा लाजल्यासारखी हसली. "सर म्हनत, ताईले सारं ठाऊक हाये, पन तिच्यासमोर बोलाचं नाई. तुमी आमच्या पोरींले सांभाळून घेता, बाई. आमच्याजवळ का हाये दुसरं द्याले?"

नंदिनीनं उचललेला घास परत ताटात ठेवला. तो तांदूळ प्रफुलनं मित्राच्या शेतातला म्हणून आणला होता. भावाची आठवण म्हणून तिनं तो शेजारच्या घरांतही वाटला होता. सणासुदीला त्याचीच खीर केली होती. म्हणजे गावोगावच्या ज्या आया तिला पाहून हात जोडत, त्या तिच्या कामाला जोडत नव्हत्या. नंदिनीबाई तांदूळ घेते आणि पोरींना पास करते, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि वर त्या तिला चांगलं म्हणत होत्या. तिला रडू आलं नाही. अंगाची नुसती आग झाली.

प्रफुल मान खाली घालून भात कालवत होता.

नंदिनीनं डाव्या हातानं पर्स ओढली, पत्र काढलं, दातांत धरून मधोमध फाडलं आणि दोन्ही तुकडे ताटाशेजारी ठेवले.

"पुनमचा गुडघा तयार नाई, मनकर्णाबाई. उद्या खेळली तं तुटन. उर्वशीसारखा. अजून सहा महिने माह्याजवळ येऊ द्या तिले, मी खेळवून दाखवीन. पन उद्या नाई."

पुनमनं आधी कोचकडे पाहिलं, मग आईकडे. मनकर्णा त्या फाटक्या कागदाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुण्याचं काही करायचं राहून गेलं की घरच्या बाईचा चेहरा जसा उतरतो, तसा तो उतरला.

"चुकलं आमचं, बाई," ती हलक्या आवाजात म्हणाली. "यंदाचा तुमाले पोचलाच नाई. धान आताच निंगालं, म्हनलं नागपूरहून आल्यावर पाठवू. पुनम, ऊठ. ती मोठी थैली घे."

"तसं नाई मनकर्णाबाई. माह्यं ऐका. मले कधीच..."

"असू द्या, असू द्या. तुमी जेवा आरामानं."

पुनमनं भिंतीला हात टेकला आणि उजव्या पायावर भार देऊन ती उठली. आत पिंपाचं झाकण वाजलं. मग थैलीत तांदूळ ओतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.