जिगरची नोंद

शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रिते जोडीने तपासण्याची पद्धत होती. एकाने विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचे; दुसऱ्याने प्रतीवर नजर ठेवायची आणि अर्थ पटला की पेन्सिलीने टेबलावर टक् करायचे. नजर अधू झाल्यामुळे ताईचे जोडीदार मास्तर घरी बसले, तेव्हापासून ती एकटीच वाचत होती. त्यांची खुर्ची कुणी हलवली नव्हती. टेबलाच्या कडेला पेन्सिलीने पडलेले बारीक खड्डे दिसत, आणि बघायचे नाही असे ठरवूनही तिचे डोळे तिकडेच वळत.

आज 'जिगर' छपाईला जायचा होता. पण टक् ऐकल्याशिवाय तिला पान उलटवेना. शेवटी तिने फोन लावला.

"मास्तर, एक नोंद अडलीय."

"अडलीय, की म्हाताऱ्याला करमत नसेल म्हणून?"

"मलाच करमत नाही."

"वाच."

"जिगर, स्वल्पविराम, उर्दू, स्वल्पविराम, फारसीतून आलेला शब्द, पूर्णविराम. संस्कृत 'यकृत्' याच प्राचीन कुळातला, पूर्णविराम. एक, हृदय..."

"थांब. हृदय कुठून उगवलं?"

"जिगर म्हणजे काळीज, आणि काळीज म्हणजे..."

"आपण छातीवर हात ठेवून काळीज म्हणतो, म्हणून मूळ अर्थ बदलतो होय? वर यकृत् लिहिलंस आणि खाली विसरलीस. पहिला अर्थ यकृत. मग हिंमत. मग जिवलग माणूस."

हीच ओळ ती सकाळपासून वाचत होती, तरी चूक तिच्या नजरेतून सुटली होती.

"तुम्हाला कसं दिसलं हो?"

"दिसायचंय काय त्यात? ऐकलं," मास्तर म्हणाले.

"मग नुसतं ऐकायलाच या ना. प्रतीवर नजर मी ठेवीन."

"आणि मला तिथवर आणणार कोण, तुझा बाप?"

"मी येते घ्यायला."

तिने ओळ दुरुस्त केली आणि नोंद पहिल्यापासून वाचायला घेतली. फोन लवकर संपू नये म्हणून अगदी सावकाश. यकृत. पलीकडे कशावर तरी, बहुधा पेल्यावर, चमचा वाजला. हिंमत. पुन्हा टक्. जिवलग माणूस. टक्.

"उद्या सकाळी घ्यायला येते, पूर्णविराम," तिने त्याच सुरात वाचले.

समोरच्या खुर्चीकडे बघत, फोन कानाशी घट्ट धरून ती थांबली. बऱ्याच वेळाने, अगदी हलकेच, चमचा वाजला.