तोंडात कृपुक

आमच्या काळी मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याच्या शाळांत शिक्षकाने वाक्य अर्धं सोडायचं आणि वर्गाने ते पुरं करायचं, अशी रीतच होती. "मध्य जावाची राजधानी सेमा..." एवढं मी म्हटलं की सगळी पोरं एका दमात "रांग" म्हणून मोकळी. मीही तशीच शिकले होते, माझे शिक्षकही तसेच शिकले होते. रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं, काय हुशार वर्ग आहे.

या कल्लोळात तुगियेमचं काही चालत नसे. ती विचार करून बोलायची, त्यामुळे सगळ्यांचं झाल्यावर तिचं उत्तर एकटंच मागून यायचं आणि पोरं हसायची. मग तिने बोलणंच सोडलं. तिसरीतलं तिचं हे दुसरं वर्ष. यंदाही राहिली तर मावशीकडे शहरात धुणीभांडी करायला पाठवतो, असं तिच्या बापाने मला सांगून टाकलं होतं. मी मुख्याध्यापक सुकार्जोंची पाठ सोडेना, तेव्हा ते वैतागून म्हणाले, शाळेच्या तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर पोरीने एक तरी उत्तर द्यावं, मग चौथीत घालतो.

प्रश्न विचारल्यावर मुलांना विचाराला उसंत द्यावी, हे मी प्रशिक्षणात ऐकलं होतं. तेवढा वेळ त्यांची तोंडं कशी बंद ठेवायची, हे मात्र तिथे कुणी शिकवलं नाही. दटावून पाहिलं. तोंडावर बोट ठेवायला सांगितलं, तर बोटाआडून उत्तरं यायला लागली. शेवटी मी बाजारातून कृपुकचा डबाच उचलून आणला. आमच्याकडचा हा तळलेला पापड जिभेवर ठेवला की चिकटून बसतो आणि सावकाश विरघळतो. प्रश्नाआधी प्रत्येकाला एक तुकडा. चावायचा नाही. विरघळला की उत्तर आधी शेजारच्याच्या कानात सांगायचं आणि मग हात वर करायचा. पहिले काही दिवस मागच्या बाकांवरून नुसतं कुरुमकुरुम ऐकू येत होतं. पण हळूहळू वर्ग निवांत झाला, आणि तुगियेम शेजारणीच्या कानाशी लागू लागली. हात मात्र अजून वर येत नव्हता.

तपासणीला हार्तोयोसाहेब आले. मागच्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसले, शेजारी सुकार्जो. मी कृपुक वाटला. साहेबांपुढेही डबा धरला, पण ते पोटावर हात ठेवून नको म्हणाले.

मी प्रश्न घातला. "एक सूपभर कच्चा कृपुक उन्हात वाळायला एक दिवस लागतो. तर तीन सुपं वाळायला..."

सवयच ती, आवाज आपोआप वर चढला आणि वाक्य अधांतरी राहिलं. पोरांची तोंडं गच्च भरलेली. त्या शांततेत मागून एकटाच भरदार आवाज आला, "तीन दिवस."

हार्तोयोसाहेब बोलून बसले होते. सगळा वर्ग मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागला.

"अगदी बरोबर, साहेब," सुकार्जो घाईघाईने म्हणाले.

तेवढ्यात तुगियेमचा हात वर आला. मी मानेनेच हो म्हटलं. ती उठली आणि मागे वळून साहेबांनाच आदराने म्हणाली, "बापाक, तुमचं अंगण लहान आहे का?"

"का गं?"

"मोठं असेल तर तिन्ही सुपं एकदमच मांडता येतात, एका दिवसात वाळतात. पण एकच सूप मावत असेल तर तुमचं बरोबर आहे."

सुकार्जोंनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी बदली बोर्निओच्या जंगलात ठरलीच. हार्तोयोसाहेबांनी छताकडे बघून अंगणाचा अंदाज घेतला.

"लहानच आहे, पोरी," ते म्हणाले. "आणि आहे तेवढ्यात बायकोने कुंड्या भरून ठेवल्यात."

पोरांना हसू आवरेना. पुढच्या बाकांवर ओल्या कृपुकचा सडा पडला.

निघताना साहेबांनी दारात थांबून विचारलं, "ही मुलगी तिसरीत काय करतेय?"

"तिसरीत?" सुकार्जो म्हणाले. "छे हो साहेब. ही चौथीतली. आज सहज इथे येऊन बसली होती."