हरलो म्हणायचा फोन

निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी शाळेची जिम लांबायला लागली. आधी ती बास्केटबॉलच्या एका कोर्टाएवढी होती. दुपारी तिच्यापुढे आणखी एक कोर्ट आलं, आणि संध्याकाळपर्यंत पलीकडची भिंत लायब्ररी ओलांडून मक्याच्या शेतात जाऊन उभी राहिली. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक पुन्हा मोजायला बसतील, आणि आधीच काय कमी ताप झालाय का! अमेरिकेतलं एक गाव, एवढं पुरे.

मतमोजणी त्याच जिममध्ये चालली होती. मोजणाऱ्यांत होते मुकुंद कारखानीस. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम धरतात, यांनी हौसेनं हे धरलं. त्यांचं टेबल टोकाच्या भिंतीशी होतं, त्यामुळे भिंत सरकली तसं टेबलही तिच्याबरोबर गेलं. त्यांची बायको शरयू डबा घेऊन दारात आली तेव्हा नवरा तिला तांदळाच्या दाण्याएवढा दिसला. तिनं चष्मा पुसला आणि परत बघितलं, तरी तेवढाच.

लांबण्याचा नियम सोपा होता. गव्हर्नरच्या निवडणुकीत हरलेला उमेदवार भिंतीवरच्या टीव्हीत यायचा, म्हणायचा, "मतं चोरलीत, पुन्हा मोजा," की जिम एका कोर्टानं वाढायची. तिकडे एक रीत आहे. हरलेला माणूस जिंकलेल्याला फोन करतो आणि म्हणतो, हरलो बुवा, अभिनंदन. कुठल्या कायद्यात ते लिहिलेलं नाही, पण त्या फोनशिवाय निवडणूक संपल्यासारखी वाटत नाही कुणाला. हा पठ्ठ्या फोनला हात लावेना. आणि जिंकलेला? तो "धीर धरा" म्हणाला आणि शपथविधीचा सूट शिवायला गेला. त्याला काय घाई? या दोघांपैकी एकाच्याही घरचं माणूस त्या जिममध्ये अडकलेलं नव्हतं.

शरयूला डबा द्यायचा होता हे खरं, पण नुसता डबाच द्यायचा असता तर तिनं तो कुणाच्याही हाती धाडला असता. सकाळी चहा घेताना दोघांचं वाजलं होतं. शरयूचं मत हरलेल्या उमेदवाराला. का, तर तो एकदा मराठी मंडळाच्या गणपतीला आला होता. आरतीला उभा राहिला, मोदक खाल्ला, हात जोडून "नमस्ते" म्हणाला. बास, बाई तिथेच विरघळली! तर टीव्हीवर तो चोरीचं बोलला तेव्हा ती म्हणाली, "एवढा मोठा माणूस उगाच बोलेल का हो? असेल काहीतरी."

"शरयू, ती मतं मी मोजलीत," मुकुंदराव म्हणाले.

"तुम्ही एकटेच थोडे मोजता? काय सांगावं कुणाचं."

मुकुंदराव उठले. अर्धा चहा तसाच ठेवून कोट घातला आणि गेले. तो कप अजून टेबलावर होता आणि त्यातून अजून वाफ येत होती. शरयूनं तो उचलला नाही. उचलला तर गार होईल अशी तिला भीती वाटत होती.

ती जिममधून चालत निघाली. फरशीवर कोर्टाची पांढरी रेघ होती, ती सरळ मुकुंदरावांच्या टेबलापर्यंत गेलेली. तीच धरून ती चालली. पायात गोळे आले तरी नवरा तेवढाच लहान. मागे वळून बघितलं तर दार तिच्या पाठीशीच. मग तिनं हात टेकले आणि दाराजवळच्या बाकावर येऊन बसली. तिथे लॉरेटा बसली होती, मांडीवर ओव्हनमध्ये भाजलेल्या कॅसरोलचं, फॉइल लावलेलं भांडं घेऊन. लॉरेटा म्हणजे अर्लची बायको, आणि अर्ल म्हणजे मुकुंदरावांच्या टेबलावरचा जोडीदार. प्रत्येक टेबलाला दोन्ही पक्षांचा एकेक माणूस असतो. एकट्यानं मतपत्रिकेला हात लावायचा नाही आणि एकट्यानं टेबल सोडायचं नाही. मुकुंदराव जिंकलेल्यांकडचे, अर्ल हरलेल्यांकडचा.

"माझी आई अशीच वाट बघायची," लॉरेटा म्हणाली. "पण तेव्हा वडील खाणीत असायचे. हे तर शाळेच्या जिममध्ये आहेत."

शरयूनं फोन लावला. लागला. माणूस मक्याच्या शेतात आणि आवाज अगदी कानाशी.

"अहो, जेवलात का?"

"नाही."

"थालीपीठ आणलंय. लोणी पण आहे."

"दिसतेस मला. निळा स्वेटर घातलायस ना?"

"हिरवा आहे."

"इथून निळा दिसतो."

शरयूनं स्वेटर खाली ओढून नीट केला. एवढ्या वर्षांत या माणसानं तिचा स्वेटर कधी बघितला नव्हता, आणि आज बघितला तर एवढ्या लांबून. तिला तो हवा होता, त्याच्या सगळ्या खोडींसकट, जेवताना पेपर वाचण्यासकट. टीव्हीतला नाही हवा होता, जिंकलेलाही नाही.

"ऐका," ती म्हणाली. "मी हरले. तुम्ही मोजलंत ते बरोबर आहे. सकाळी मी बोलायला नको होतं. तुमचा चहा अजून गरम आहे, या आता घरी."

जिम एका कोर्टानं आखडली. मुकुंदराव दाण्याचे पावट्याएवढे झाले, आणि चष्म्याची काच चमकलेली तिला दिसली. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"उठलोय मी," ते म्हणाले. "पण अर्ल उठत नाही."

"त्यांना द्या फोन."

अर्ल फोनवर आला. "मॅडम, आमच्या साहेबांनी अजून हरलो म्हटलेलं नाही."

"साहेबांचं राहू द्या. मतं तुम्ही मोजलीत ना?"

"मोजली."

"बरोबर होती?"

"होती. पण मी त्यांच्या आधी कसं म्हणू?"

लॉरेटानं शरयूच्या हातातून फोन हिसकावून घेतला. "अर्ल, मीही त्यालाच मत दिलं होतं. तो हरला. मी हरले, तूही हरलास. आता ऊठ, बाबा, ऊठ." आणि ती रडायला लागली. भांडं मांडीवरून घसरलं, ते शरयूनं वरच्यावर धरलं.

मग दुसरी खुर्ची सरकली. दोन्ही पुरुष टेबलापासून निघाले आणि जिम आणखी एका कोर्टानं जवळ आली. लॉरेटानं नाक पुसलं आणि फोन परत दिला. तेवढ्यात भिंतीवरचा टीव्ही लागला.

शरयूनं टीव्हीकडे बघितलंच नाही. ती खाली वाकली आणि पांढऱ्या रेघेच्या टोकाशी नख घातलं. रेघ फरशीवरून सुटून आली. हातात घेतल्यावर ती चांगली जाड होती, विहिरीच्या दोरासारखी. लांबवर मुकुंदरावही वाकलेले दिसले, आणि त्यांच्यामागे अर्ल.

"पुन्हा मोजा," उमेदवार म्हणाला.

दोर ताणला. लॉरेटाच्या टाचा फरशीवर घसरल्या, तिनं मागून शरयूची कंबर धरली. पलीकडची दोन माणसं पुन्हा पावट्याएवढी झाली, पण दोर त्यांच्या हातून सुटला नव्हता. त्यांचं वजन इथपर्यंत कळत होतं. शरयूनं मनगटाभोवती एक वेढा घेतला. खांद्याशी दाबून धरलेल्या फोनवर मुकुंदराव म्हणाले, "सोडू नकोस हं," आणि टीव्हीत उमेदवारानं पुढचं बोलण्यासाठी श्वास घेतला.