तीन वाजेपर्यंतचं घड्याळ

होय, मीच बोलतोय, वेधशाळेच्या आवारातलं दगडी सूर्यघड्याळ! मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहता आणि "हे मागे आहे" म्हणत पुढे जाता ना, तोच मी. अहो, मी सूर्याला विचारून बोलतो, तुमच्या मनगटाला नाही.

एका पाथरवटानं मला घडवलं. तासांच्या रेघा कोरल्या, मधोमध तिरकी पितळी पट्टी बसवली. तिची सावली ज्या रेघेवर पडेल, तितके वाजले. तेव्हा इथं मोठी दुर्बीण होती, रात्ररात्र जागणारी माणसं होती. पुढे शहराचे दिवे वाढले, तारे दिसेनासे झाले आणि घुमटाला कुलूप लागलं. आता लोक घुमट बाहेरूनच बघतात, फोटो काढतात आणि माझ्याजवळच्या बाकावर येऊन टेकतात.

बाकामागे तुतीचं झाड आहे. माळीबाबांनी ते लेकीच्या जन्माच्या वर्षी लावलं. तेव्हा रोपाची सावली वीतभर होती. ती वाढून कुठवर येईल हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, शंभर वर्षांनंतरचं ग्रहण सांगणाऱ्यांच्याही नाही! आता दुपारी तीन वाजले की ती माझ्या अंगावर येते आणि माझी बोलती बंद होते.

खोटं कशाला बोलू, काही वर्षं मी मनातल्या मनात जळफळलो. पण लेक सासरी गेली आणि माळीबाबा रोज खोडाला टेकून तिच्याशी फोनवर बोलू लागले. "बाबा, तुतीला फळं धरली का?" हा तिचा पहिला प्रश्न. माझा राग तिथंच निवला.

मागच्या महिन्यात नव्या अधिकारी बाई आल्या. "अख्ख्या वेधशाळेत चालू असलेलं हे एकच यंत्र, तेही झाकलेलं! झाड काढून टाका." माझ्यापायी झाड जाणार! ओरडून नको म्हणावं, तर मला तोंड कुठलं?

ठरल्या दिवशी माळीबाबा स्वतःच करवत घेऊन आले. "मीच लावलंय. परक्याचा हात नको," एवढंच म्हणाले. मग करवत खाली ठेवून खोडावरून हात फिरवत राहिले.

बाई बाकावर तुतीच्या सावलीत घाम पुसत बसल्या होत्या. "किती वर्षांचं आहे?"

"लेकीएवढं. अठ्ठावीस."

बाई बराच वेळ वर फांद्यांकडे बघत राहिल्या. "राहू द्या, बाबा," शेवटी म्हणाल्या. "आपण पाटी लावू."

आता माझ्या पायाशी पाटी आहे: 'हे घड्याळ दुपारी तीनपर्यंतच चालते.' पहिले दोन दिवस लाज वाटली खरी. पण आता एकच विनंती आहे. वेळ विचारायची तर तीनच्या आत या. उशीर झालाच, तर मला काही विचारू नका, बाकावर बसा. माझे उरलेले तास कुठे गेले, ते तिथं बसल्यावर कळेल.