निरंक

वर्गातली मुलं मला पेन्सिलताई म्हणत, कारण ठमीच्या शेजारी बसून मी दिवसभर तक्ता भरायचे. ठमी आठ वर्षांची. कर्कश आवाज झाला की ती कान दाबायची, किंचाळायची, कधी स्वतःचं मनगट चावायची. तिला साध्या शाळेत ठेवायचं तर सोबतीला कुणीतरी हवं, ही शाळेची अट होती. ते कुणीतरी म्हणजे मी.

तक्त्यात तीनच रकाने होते: वेळ, घटना, आणि त्याआधी काय झालं. मी प्राणिशास्त्र शिकलेली. जे दिसेल ते लिहायचं, काही गाळायचं नाही, हे अंगवळणी पडलेलं. माझ्याआधी आठवड्याला तीन घटना लिहिल्या जात. माझ्या तिसऱ्या आठवड्यात एकोणीस भरल्या.

मुख्याध्यापिकांनी ठमीच्या आईला बोलावून घेतलं. मुलगी बिघडत चालली आहे, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की ती बिघडली नाही, आधी कुणी मोजतच नव्हतं. शिवाय एकोणिसातल्या चौदा वेळा आधी कुणीतरी खुर्ची फरशीवर ओढली होती. खुर्च्यांच्या पायांना रबर लावलं तर फरक पडेल.

"चाळीस खुर्च्या आहेत, बाई. एका मुलीसाठी शाळेला मोजे घालू का?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या वर्गशिक्षिका हसल्या. रबर मी आणते, असं आई म्हणाली, ते कुणी ऐकलंच नाही. शेवटी मुदत ठरली: महिन्याभरात आकडा पाचाच्या खाली यायला हवा, नाहीतर दुसरी शाळा बघा. ही ठमीची तिसरी शाळा होती. चौथी कुठे शोधायची हे आईला ठाऊक नव्हतं.

जिन्यात ठमीसमोरच तिने माझा हात धरला. "ताई, थोडं कमी लिहा ना."

मी तक्ता पिशवीत टाकला आणि जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मागे खुर्ची करकरली. माझी पेन्सिल कागदावर टेकली. ठमीचे हात कानांकडे निघाले होते. तेवढ्यात तिची नजर पेन्सिलीवर गेली. हात खाली आले आणि तिने ते मांड्यांखाली दाबून धरले. ओठ घट्ट मिटलेले. लिहिण्यासारखं काही घडलंच नाही.

त्या आठवड्यात चार घटना झाल्या, मग दोन, मग एक. मुदतीच्या चौथ्या आठवड्यात मी घटनेच्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं: निरंक. खुर्च्या तेवढ्याच करकरत होत्या. प्रयोगात असं झालं तर आधी मोजणारं उपकरण तपासतात. मी तपासलं नाही. मला तो आकडा हवा होता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आई फाटकाशी थांबली होती. दात घासताना ठमीच्या थुंकीत रोज रक्त येतं, हिरडी सुजली असेल का, असं तिने विचारलं. मी ठमीसमोर वाकून तोंड उघडायला सांगितलं. तिने आधी माझ्या हाताकडे पाहिलं. मी पेन्सिल पिशवीत टाकली, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

दोन्ही गाल आतून चावून सोलवटले होते. ताज्या जखमांखाली जुन्या जखमा होत्या.

वर ऑफिसात मुख्याध्यापिका सहीसाठी तक्त्याची वाट बघत होत्या. आई बराच वेळ लेकीच्या तोंडात बघत राहिली. मग हनुवटीला बोट लावून तिने ते हळूच मिटवलं.

"हे तक्त्यात नका लिहू," ती म्हणाली.