माद्यांची हंडी

लढाऊ मासे म्हणजे नवऱ्याचं, प्रयोंगचं, खूळ, असंच लमदुआन चाळीस वर्षं धरून चालली होती. आजोबांकडून आलेला निळ्या माशांचा वाण प्रयोंगने जिवापाड जपला होता. पडवीतल्या फळ्यांवर साठ बरण्या, एकेका बरणीत एकेक नर. एकमेकांना बघून ते पिसाळू नयेत म्हणून मधे पुठ्ठे. माद्या तेवढ्या एका मातीच्या हंडीत एकत्र नांदायच्या.

जूनमध्ये त्याचं उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली, आणि मासे तिच्या गळ्यात आले. डासांच्या अळ्या घालणं, पाणी बदलणं ती शिकली. पण दर हिवाळ्यात तो बरण्या घरात कधी घेतो, याकडे तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

डिसेंबरात लोएईच्या डोंगरांवरून वारं उतरलं आणि पारा अकरावर आला. सकाळी पाहते तर मासे तळाशी निपचित, रंग उडालेले. ती घाबरली. चुलीवर पाणी तापवलं आणि ओतत सुटली. मासे उसळले, गरगर फिरले. तिच्या जिवात जीव आला. मग एकेक मासा उलटा होऊन वर तरंगला.

बँकॉकला असलेल्या लेकीला, ओरथाईला, तिने फोन लावला.

"गरम पाणी ओतू नकोस, आई. थंडीने मासा मलूल होतो, पण एकदम गरम केलं की त्या झटक्याने मरतो, असं बाबा म्हणायचे. हळूहळू ऊब द्यायची."

"आता सांगतेस होय?"

"तू कधी विचारलंस?"

पाणी ओतायच्या राहिलेल्या बरण्या तिने स्वयंपाकघरात नेल्या, कोमट पाण्याच्या परातींत ठेवल्या, वर गोधड्या टाकल्या, आत दिवा लावला. तीन दिवस निखारे विझू दिले नाहीत. पण भिंतींच्या फळ्यांतून वारा येतच राहिला. माशांचे पर झडले, अंगावर पांढरे ठिपके उठले. चौथ्या दिवशी ऊन पडलं, तेव्हा सात मासे जिवंत होते.

त्यातली एक बरणी तिने प्रयोंगच्या उशाशी नेली. त्याने बराच वेळ पाहिलं. मग तोंड वेडंवाकडं करत, सहा महिन्यांत पहिल्यांदाच, त्याने एक शब्द बाहेर काढला.

"मादी?"

लपवून काय उपयोग होता? "सगळे नरच राहिलेत. माद्यांच्या हंडीत मीच पहिल्यांदा कढत पाणी ओतलं. म्हटलं, एकदम जास्त वाचतील."

दुसऱ्या कुणाकडून माद्या मागून आणू का, असं तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. वाण तो वाण, परक्या मादीने तो राहत नाही. दुपारी तिने पेजेचा चमचा ओठांशी धरला, तर त्याने तोंड उघडलं नाही. संध्याकाळीही नाही.

फेब्रुवारीत पाणी तापलं. सातही नरांनी बरण्यांत पाण्यावर अंड्यांसाठी फेसाची घरटी बांधली आणि त्यांच्याखाली पहारा देत राहिले. प्रयोंगची रिकामी खाट तोवर घरातून हलवलेली होती. लमदुआन रोज अळ्या घालत होती.